गाडी उभी, पण फ्रीजला पटायला हवी

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे : मोटरहोम घेऊन मुक्कामाला पोहोचलो की मुलगा आधी पाणसळ काढतो आणि चाकांखाली पाचरी सारत बसतो. गाडी जरा कलती राहिली तर बिघडतं काय?

झोपणाऱ्याचं फारसं नाही. बिघडतो तो फ्रीज.

बऱ्याच मोटरहोममधल्या, विशेषतः जुन्या, फ्रीजला कॉम्प्रेसरच नसतो. तो गॅसच्या ज्योतीवर चालतो. आगीवर बर्फ! बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. ज्योतीने तापून अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन निवतो, द्रव होतो आणि हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो. तिथे एकूण दाब तेवढाच असला, तरी अमोनियाच्या वाट्याचा दाब अगदी कमी. म्हणून तो भराभर उडतो आणि उडताना फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला पुन्हा शोषतं. हलणारा एकही भाग नाही. उकळीचे बुडबुडेच द्रव वर ढकलतात. खाली आणायचं काम गुरुत्वाकर्षणाचं.

मेख इथेच आहे. पन्हळ मध्येच वाकली की पाणी तुंबतं, तसा गाडी कलल्यावर नळ्यांत द्रव अडतो. ज्योतीजवळचा भाग कोरडा पडून बेसुमार तापतो. नळ्या गंजू नयेत म्हणून द्रवात घातलेलं सोडियम क्रोमेट तिथे खड्यांसारखं साचून वाट बुजवतं, आणि फ्रीज कायमचा जातो. चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो, त्यामुळे हा धोका बहुतेक उभ्या गाडीलाच.

या फ्रीजचा विषय निघाला की कोणीतरी ‘आइनस्टाइनचा फ्रीज’ म्हणतंच. आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी १९२६ पासून फ्रीजवर काम केलं, पेटंटं घेतली, हे खरं; पण तो फ्रीज कधी कोणाच्या स्वयंपाकघरात पोहोचला नाही. पोहोचला तो बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांचा. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत असतानाच, १९२२ मध्ये, या दोघांनी तो घडवला आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सने तो विकला. हॉटेलच्या खोलीतला, जराही न गुरगुरणारा छोटा फ्रीज पुष्कळदा त्यांच्याच तत्त्वावर चालतो. त्यांची नावं मात्र फ्रीज वापरणाऱ्यांनाही माहीत नसतात. प्रसिद्धीचा न्याय असा!

अशा फ्रीजला आडव्या दिशेने साधारण ३ अंशांपर्यंतचा कल चालतो. दोन बाजूंच्या चाकांत २ मीटर अंतर धरलं, तर एक बाजू सुमारे १० सेंटिमीटर खाली. डोळ्यांना हे सहज चकवतं, म्हणून पाणसळ लागते. ती फ्रीजच्याच आत, बर्फाच्या कप्प्याच्या तळाशी ठेवून बघणं उत्तम. नव्या गाड्यांत १२ व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रीज आले आहेत आणि त्यांना कलाचं एवढं वावडं नाही. तेव्हा मुलाला थांबवण्याआधी फ्रीज कोणता आहे ते विचारा. ज्योतीवरचा असेल, तर तुम्हीही एक पाचर उचला.