गाडी बापाची, चलन कोणाचे?

आमच्या बँकेत ‘चलन’ म्हणजे पैसे भरण्याची चिठ्ठी. ग्राहकाने भरायची, आम्ही शिक्का मारायचा, अर्धा भाग फाडून परत द्यायचा. वीस वर्षांहून अधिक काळ हेच केले. त्यामुळे गेल्या वर्षी दुपारच्या गर्दीत काउंटरवर बसलेलो असताना माझ्याच मोबाईलवर ‘आपल्या वाहनावर ई-चलन’ असा संदेश आला, तेव्हा क्षणभर अर्थबोधच झाला नाही. मोटारसायकल माझ्या नावावर, पण त्या दिवशी ती चिरंजीवांकडे होती. वेगमर्यादा ८०, नोंदलेला वेग ९६, दंड १००० रुपये, ठिकाण महामार्ग. आणि चिरंजीव सकाळी सरावलीहून निघाले होते ते डहाणूच्या कॉलेजात जातो म्हणून! कॉलेजच्या वाटेवर महामार्ग कुठून आला, हा दुसरा प्रश्न.

मुलाला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. पक्का परवाना खिशात होता. म्हणजे गाडी चालविणे बेकायदेशीर नव्हते, वेग बेकायदेशीर होता. स्मरणिकेसाठी काही लिहा असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सुचविले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. कारण आज आपल्या बहुतेक घरांत एक गाडी आहे, तिचा हप्ता चालू आहे आणि तिच्या किल्लीकडे डोळे लावून बसलेला एक विद्यार्थीही आहे.

असा संदेश आला की सर्वांत आधी तो खरा आहे का ते पाहावे. हे मी बँकेचा माणूस म्हणून सांगतो. ‘चलन पाहण्यासाठी ही फाईल उघडा’ असे सांगणारे खोटे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ती फाईल मोबाईलमध्ये घेतली की चोरट्यांचा हात थेट खात्यापर्यंत पोचू शकतो. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ ॲपवर किंवा केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक टाकावा. खाते रिकामे झालेच तर १९३० ह्या क्रमांकावर लगेच फोन करावा. तेथे उशीर म्हणजे नुकसान.

आमचे चलन खरेच निघाले. छायाचित्रात पाठमोरी गाडी, नंबरप्लेट स्वच्छ आणि मागच्या सीटवर एक मित्र. छायाचित्रातली गाडी आपली नसेल किंवा क्रमांक चुकून वाचला गेला असेल, तर त्याच ॲपवर तक्रार करता येते. आमच्याकडे तक्रारीला जागाच नव्हती.

आता सल्ले सुरू झाले. शाखेतील एक सहकारी म्हणाला, “माझी ओळख आहे, मिटवून टाकू.” आमच्या सौ. म्हणाल्या, “हजार रुपयांसाठी पोराला कशाला बोलता? गुपचूप भरून टाका.” खरे सांगायचे तर माझा कल सौं.कडेच होता. मुलाशी वाद नको, शेजाऱ्यांत चर्चा नको. पण त्या रात्री मोटार वाहन कायदा चाळला आणि मन बदलले.

कायद्यात वेगाचे कलम १८३ आहे. हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड, आणि हाच गुन्हा दुसऱ्यांदा झाला की चालकाचा परवाना जमा होतो. चालकाचा, मालकाचा नव्हे. कलम १३३ प्रमाणे चालकावर आरोप असला आणि पोलिसांनी विचारले, तर त्या वेळी गाडी कोण चालवीत होता ते मालकाने सांगितलेच पाहिजे. म्हणजे संदेश बापाच्या मोबाईलवर येत असला तरी गुन्हा ज्याच्या हातात हँडल होते त्याचा असतो. बापाने गुपचूप पैसे भरले तर मुलाला आपण पकडले गेलो हे कळतही नाही. त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. दुसऱ्या वेळी परवाना जातो तेव्हा मात्र ते पहिल्यांदाच घडल्यासारखे वाटते.

मुलगा अठराच्या आत असेल तर गोष्ट पारच बदलते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ प्रत्येक पालकाने वाचावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पालकाच्या संमतीनेच गाडी नेली असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे पालकाने सिद्ध करायचे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो असे विद्यार्थी सांगतात ते अर्धेच खरे. तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी, पालकाच्या संमतीने. घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या आहेत.

येथे मला माझ्याबद्दल सांगितले पाहिजे. मुलगा सोळाचा असताना आजीला दवाखान्यात सोडून ये, म्हणून मीच त्याच्या हाती स्कूटरची किल्ली दिली होती. नंतर दूध, नंतर स्टेशन, नंतर जयंतीच्या मिरवणुकीत एका सीटवर तिघे. गावातच तर जातोय, असे म्हणून मी त्याकडे पाहिले नाही. ही सवय मीच लावलेली.

पुण्यात १९ मे २०२४ रोजी पहाटे कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या पोर्शे मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला जामीन मिळाला म्हणून देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आणि घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून दबाव आणल्याच्या आरोपांवरून वडील, आजोबा, डॉक्टर अशांना अटक झाली. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. आपली आणि त्या श्रीमंतांची बरोबरी नाही, हे खरे. पण “ओळख आहे, मिटवून टाकू” हे वाक्य त्यानंतर मला साधे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला समोर बसवून छायाचित्र दाखविले. तो म्हणाला, “बाबा, तिथे सगळे शंभरने जातात. ट्रकच्या पुढे हळू चालवलं तर उलट धोका.” त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. आपल्या हद्दीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो आणि त्यावर अवजड वाहनांची रांग तुटत नाही. मग मी कला शाखेचा असूनही कागदावर हिशोब मांडला. ताशी ४० वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत एक सेकंद गेला की तेवढे अंतर संपले. पुढे ब्रेक लागल्यावरचे अंतर दुप्पट होत नाही, वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. कोरड्या रस्त्यावरही ४० ला एकूण पंचवीसेक मीटर लागले, तर ८० ला सत्तरच्या घरात जातात. आणि वाचते काय? वीस किलोमीटरच्या रस्त्यावर साठऐवजी ऐंशीने गेलो तर पाच मिनिटे.

४ सप्टेंबर २०२२ ला आपल्याच तालुक्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मोटार महागडी, दिवसाची वेळ. मागे बसलेल्या ह्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. हे नाव काढल्यावर मुलगा थोडा गप्प झाला, कारण त्या पुलावरून तो मित्रासह गेलेला होता. कॉलेजच्या वाटेवर नसलेला महामार्ग कुठून आला त्याचाही उलगडा झाला: मित्राला नवी गाडी ‘पळवून’ पाहायची होती.

विम्याचाही मुद्दा बोललो. विमा आहे म्हणजे सगळे भरून निघते असा पुष्कळांचा समज असतो. चालकाकडे परवाना नसेल तर कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्णसिंग प्रकरणातील २००४ च्या निकालानंतर हे तत्त्व रूढ आहे. तेव्हा परवाना नसलेल्या मित्राच्या हाती गाडी देणे ही मैत्री नव्हे. घराच्या कागदपत्रांशी खेळ आहे तो.

मग दंड कोणी भरायचा ते ठरले. त्याच्याकडे ४०० रुपये साठलेले होते. उरलेल्यासाठी तो सुट्टीत ओळखीच्या वाडीत चिकूच्या पेट्या भरायला गेला. सौ. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पैसे भरायला त्यानेच ॲप उघडले. गाडीचा क्रमांक टाकला तर पडद्यावर एक नव्हे, दोन चलने! खालचे जुने होते, बिना हेल्मेटचे. छायाचित्रात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हँडलला जेवणाचा डबा आणि बँकेत जाण्याची वेळ. मुलगा काही बोलला नाही. नुसता मोबाईल माझ्यापुढे धरला.

ते मी भरले. दोन्ही पावत्या छापून गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवल्या आहेत, त्याची वर आणि माझी खाली. हेल्मेट दोन आहेत. दुसरे मागे बसणाऱ्याचे, आणि ते डोक्यावर असल्याशिवाय मित्राला गाडीवर घ्यायचे नाही असे ठरले आहे. मुलाने ते मान्य केले, पण महामार्गावर ८० ची मर्यादा फार कमी आहे ह्या मतावर तो अजून ठाम आहे. त्यावर आमचे भांडण चालू आहे.