रस्त्याकडेचे झाड आणि त्याचा माळी

एप्रिलच्या दुपारी नौपाड्यातील गोखले रोडने स्टेशनकडे चालत जाणाऱ्या माणसाला सावलीचे मोल सांगावे लागत नाही. तो आपण होऊन रस्त्याची बाजू बदलतो. चांभार, फुलवाली, रांगेत उभे असलेले रिक्षावाले हेही झाड पाहूनच आपली जागा धरतात. म्हणून रस्ते सुधारण्याची आणि कडेचे हरितपट्टे नव्याने फुलविण्याची योजना निघाली की मला आनंद होतो. परंतु कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. योजनेचे चित्र पाहण्याआधी तो विचारतो की हे काम रोज करणार कोण, आणि त्याला रोज मिळणार कुठवर?

आधी झाडाचे पाहू. झाड जेवढे उंच तेवढी त्याची मुळे खोल, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. बहुतेक मुळे वरच्या दोनतीन फूट मातीतच राहतात, आणि आडवी मात्र फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि ती वरच्या थरातच मिळते. या थरावर बुंध्याला भिडेपर्यंत काँक्रीट ओतले की दोन्ही बंद होतात. झाड लगेच मरत नाही, हीच अडचण आहे. ते काही वर्षे वरून वरून वाळत जाते, आणि तोवर काम करणाराचे बिल केव्हाच निघालेले असते.

त्यात केबलसाठी, नळासाठी चर खणले जातात. चर खणणाऱ्याला बहुधा मीटरवर मजुरी मिळते. मूळ आडवे आले तर हाताने माती काढून त्याच्या खालून नळी सरकविता येते, पण त्यात अर्धा दिवस मोडतो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे त्याला कोणी देत नाही. मग तो कुऱ्हाड घालतो. पुढे जुलैत, तुटलेल्या मुळांच्या बाजूने वारा आला की झाड दुसऱ्या अंगाला आडवे होते, आणि आपण म्हणतो, झाड जुने झाले होते!

2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीपुरता आदेश दिला की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटविना मोकळी ठेवावी. मोठ्या वृक्षाला हा भाकरीचा चतकोरच म्हणायचा. त्याहून बरी रीत अशी की दर झाडाला वेगळे आळे न करता झाडापासून झाडापर्यंत मातीचा सलग पट्टा ठेवावा, आणि तो पदपथापेक्षा चार बोटे खोल असावा. पुष्कळदा आपण उलटे करतो. कठडा बांधून पट्टा उंच करतो, म्हणजे चार महिन्यांचा मुसळधार पाऊस गटारातून खाडीला जातो आणि जानेवारीपासून त्याच पट्ट्याला टँकर लावावा लागतो. पाणी बाहेरून घालायचेच तर ते पिण्याचे तरी नको. कोपरीला महापालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. शुद्ध केलेले पाणी झाडांना चालते. हिरवळीच्या गालिच्याविषयी माझे मत कडक आहे. त्याला सतत पाणी आणि सतत कापणी लागते, आणि सावली मात्र तसूभर मिळत नाही.

आता झाडे कोणती? गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. विक्रोळीजवळ महामार्गाकडेला वसंतात गुलाबी फुलणारा टॅबेब्युयाही अमेरिकेचाच. परके म्हणून मी त्यांना हाकलणार नाही. कामगार वस्तीत वाढलेल्या माणसाला कोण कुठून आला हे विचारण्याची सवय नसते. नवी लावताना मात्र इथल्या पावसाला सरावलेली घ्यावीत. तीन हात नाक्याकडून नितीन कंपनीकडे जाताना महामार्गालगत करंजाची रांग शोभेल. चैत्रात तो नवी पालवी धरतो. राम मारुती रोडसारख्या अरुंद जागी बकुळ किंवा ताम्हण बरे, आणि त्यासाठी एका बाजूच्या काही मोटारींची जागा सोडावी लागेल, हे दुकानदारांना स्पष्ट सांगितलेले बरे. बहावा देखणा खरा, पण ऐन उन्हाळ्यात त्याच्यावर पानेच नसतात. जांभळाच्या सड्यावरून दुचाक्या घसरतात.

रोप लावणे आठ दिवसांचे काम आहे, जगविणे तीन उन्हाळ्यांचे. सरकारी वर्ष 31 मार्चला संपते आणि रोपाची परीक्षा तेव्हाच सुरू होते. जुने कंत्राट मार्चअखेर संपले आणि नवे रखडले, तर एप्रिल-मेचे पाणी कोणाच्याच हजेरीवर नसते. कंत्राटाबरोबर माळीही बदलतो. कोणत्या आळ्यात पाणी साचते, कोणते रोप मान टाकते, हे ज्याला ठाऊक, तोच घरी बसतो. त्याला कागदावर अकुशल लिहिले, की हे ज्ञान गेल्याचे दुःखही कोणाला होत नाही. माझे म्हणणे असे की रस्त्याच्या ठरावीक टप्प्याला एकच माळी तीन वर्षे असावा आणि त्याचा पगार निविदेतच लिहावा. रोप मेले तर कंत्राटदाराचे बिल कापा. माळ्याचा रोज कापू नका, नाहीतर तो बिचारा मेल्या रोपाच्या जागी रातोरात दुसरे खोचील.

राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा 1975 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. चाळीस वर्षांच्या झाडाबदली चाळीस रोपे, हा हिशेब कागदावर चोख आहे, पण त्या चांभाराच्या डोक्यावर ती कधी पोहोचायची? झाड तोडायचे असेल तर त्यावर नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. बुंध्याशी काँक्रीट ओतताना अशी नोटीस कोणी लावत नाही. तेव्हा रस्त्याचे काम निघाले की पहिल्याच दिवशी मुकादमाला गाठून बुंध्याभोवती मीटरभर चौकोन खडूने आखून घ्यावा. ओतलेले काँक्रीट मागाहून फोडायला गेले तर पहारीचे घाव मुळांवरच बसतात.