नऊ व्होल्टची बॅटरी दुभागताना

मागाची खटखट चालू असली की मोबाइलमधलं गाणं कानापर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे आमच्या येवल्यात घरच्या घरी छोटा हेडफोन अँप्लिफायर जोडून बघणारी कॉलेजची मुलं भेटतात. आराखडा बहुधा तोच, चू मॉय यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेला आणि पुढे ‘सीमॉय’ नावानं जगभर पसरलेला: नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक दुहेरी ऑप-अँप, गोळ्यांचा पत्र्याचा डबा. आणि बहुतेकांचं अडतंही एकाच जागी. बॅटरी एक, पण नकाशात प्लस, मायनस आणि मध्ये ग्राउंड अशा तीन तारा.

ऑप-अँपला ‘मायनस व्होल्टेज’ लागतंच, असा एक पक्का समज आहे. ४५५८ हा दुहेरी ऑप-अँप हातात घेऊन बघा. आठ पायांपैकी पुरवठ्याचे दोनच, आठवा आणि चौथा. ग्राउंडचा पायच नाही. त्याला फक्त या दोन पायांमधला फरक कळतो, आणि तो नऊ व्होल्टच असतो. मधल्या बिंदूला आपण शून्य म्हटलं की एक टोक +४.५ आणि दुसरं −४.५ होतं. यात बॅटरीची ताकद निम्मी होत नाही. मधला बिंदू लागतो तो गाण्याच्या लहरीला वर आणि खाली सारखी जागा मिळावी म्हणून, आणि हेडफोनमधून परतणाऱ्या प्रवाहाला वाट हवी म्हणून.

खरी गडबड ही परतीची वाट विसरल्यानं होते. ‘बॅटरीच्या दोन टोकांमध्ये दोन सारखे रेझिस्टन्स लावले की झालं,’ असं म्हणतात. ४.७ किलोओहमचे दोन लावले की मीटर बरोबर ४.५ दाखवतो, हे खरं. पण त्या मधल्या बिंदूचा स्वतःचा रोध २.३५ किलोओहम असतो. तिथून एक मिलिअँपिअर डीसी जरी वाहिला, तरी ग्राउंड २.३५ व्होल्टनं सरकतं.

याचा सर्वांत नेहमीचा नमुना म्हणजे चालू-बंदचा एलईडी. बरेच जण तो एक किलोओहमच्या रेझिस्टन्समधून प्लस आणि ग्राउंडमध्ये जोडतात, कारण डबीत तीच तार जवळ असते. आता मीटर लावा: प्लस बाजूला २.७५ व्होल्ट, मायनस बाजूला ६.२५. आवाज थोडा वाढवला की लहरीचा वरचा भाग कापला जातो, गाणं फाटतं आणि दोष आयसीवर जातो. आयसी बदलून काही होत नाही. एलईडी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये जोडायचा, ग्राउंडला हातही लावायचा नाही.

गाण्याचा प्रवाह मात्र रेझिस्टन्समधून परतत नाही, तो त्या रेझिस्टन्सना समांतर जोडलेल्या दोन कंडेन्सरमधून जातो. ते लहान असले तर बास कमी होतो, असं सांगणारे पुष्कळ आहेत. तसं होत नाही. ऑप-अँप सगळा हिशेब त्या ग्राउंडपासूनच करतो, म्हणून हेडफोनवरचं व्होल्टेज बरोबरच राहतं. हलतं ते ग्राउंड. २२० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर आणि ३२ ओहमचे दोन्ही कान धरले, तर २३ हर्ट्झच्या आसपास ग्राउंड हेडफोनवरच्या व्होल्टेजइतकंच डुलतं. म्हणजे खोल बास वाजताना लहर लवकर कापली जाते. कंडेन्सर मोठे घ्यायचे ते यासाठी.

टीएलई२४२६ ही आयसी याच कामासाठी बनवलेली आहे. ती मध्यबिंदू घट्ट धरते, वीसेक मिलिअँपिअरपर्यंत. ३२ ओहमवर एक व्होल्टचं शिखर गाठायला एका कानाला ३१ मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे तिलाही कंडेन्सरची साथ हवीच. पण एक मिलिवॉटला आठच मिलिअँपिअरचं शिखर पुरतं, आणि बहुतेक हेडफोनना तेवढ्यात भरपूर आवाज येतो. माझ्या मते पहिल्या बांधणीला हीच आयसी घ्यावी, मागवावी लागली तरी.

दोन बॅटऱ्या घेतल्या तर ग्राउंड खरंखुरं आणि भक्कम मिळतं. मात्र स्विच दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारा हवा. एकच तुटली तर आउटपुटला डीसी चढू शकतो आणि हेडफोनची कॉइल तापते.

आता ज्याबद्दल फारसं कोणी बजावत नाही ते. बॅटरी काढून अँप्लिफायर पॉवर बँकेवर घेतला आणि मोबाइलही त्याच पॉवर बँकेला लावला, तर काय होतं? मोबाइलचं ग्राउंड म्हणजे पॉवर बँकेचा मायनस. ऑडिओ केबल तेच ग्राउंड आपल्या मध्यबिंदूला आणून जोडते. खालचा अर्धा भाग शॉर्ट होतो, टीएलई असेल तर तापते, आणि लहरीचा खालचा अर्धा भाग नाहीसा होतो. व्होल्टेज वाढवणारा साधा मॉड्युल मध्ये घातला तरी सुटका नाही, कारण त्याचाही मायनस सलगच असतो. पत्र्याचा डबा हीच चूक दुसऱ्या वाटेनं घडवतो: जॅकची बाहेरची कडी डब्याला टेकलेली असते, आणि बॅटरीच्या मायनसची सोललेली तार त्याच डब्याला लागते.

सगळ्यांनाच पुरवठा दुभागायची गरज असते असंही नाही. टीडीए२८२२ ही अँप्लिफायर आयसी एकाच पुरवठ्यावर चालते. तिच्या आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की डीसी अडतो आणि ३२ ओहमला ११ हर्ट्झपर्यंतचा बास जातो.

दुभागलेलाच बांधला असेल, तर हेडफोन लावण्याआधी ग्राउंडपासून प्लस आणि मायनस मोजा, दोन्ही जवळपास सारखे हवेत. मग ग्राउंडपासून दोन्ही आउटपुटचा डीसी बघा. तो वीसेक मिलिव्होल्टच्या आत असेल तरच पिन घाला.