तीन पेंढ्यांची ढाल

हार्वर्ड लॉ स्कूलच्या ढालीवर, म्हणजे तिच्या मानचिन्हावर, २०१६ पर्यंत निळ्या रंगावर गव्हाच्या तीन सोनेरी पेंढ्या होत्या आणि माथ्यावर तीन पुस्तकांवर विभागून लिहिलेला ‘व्हेरिटास’, म्हणजे ‘सत्य’ हा शब्द. पाहणाऱ्याला हे मध्ययुगातून आलेलं वाटावं, पण ढाल रचली गेली १९३६ साली, विद्यापीठाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने. पिएर द शेन्यों ला रोझ हा मानचिन्हांच्या विद्येतला जाणकार. हार्वर्डच्या निरनिराळ्या शाखांना त्याने ढाली आखून दिल्या. कायद्याच्या वाट्याला रॉयल घराण्याच्या पेंढ्या आल्या, कारण आयझॅक रॉयल (धाकटा) याने मृत्युपत्रात दिलेल्या देणगीतून १८१५ मध्ये कायद्याचं पहिलं अध्यासन निघालं आणि १८१७ मध्ये लॉ स्कूल. खुद्द विद्यापीठाचं ‘व्हेरिटास’ तरी कुठे अखंड परंपरेतलं आहे? १६४३ मधलं त्याचं रेखाटन दप्तरात पडून होतं. जवळजवळ दोनशे वर्षांनी अध्यक्ष जोसाया क्विन्सी यांनी ते बाहेर काढलं. तेव्हा अशी चिन्हं जुनी म्हणून मानाची ठरतात असं नाही. मान हवा असतो म्हणून त्यांना जुनेपण चढवलं जातं. ला रोझचं कसब दाद देण्याजोगंच आहे.

मात्र त्या कसबाने एक गोष्ट बेमालूम झाकली. रॉयलांची दौलत गव्हाची नव्हती. ती अँटिग्वा बेटावरच्या उसाची आणि माणसांच्या खरेदी-विक्रीची होती. १७३६ मध्ये तिथे गुलामांचा कट उघडकीस आला, तेव्हा ८८ जणांना देहदंड झाला, त्यातल्या ७७ जणांना जिवंत जाळून. त्यानंतर रॉयल कुटुंब गुलामांसह मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला येऊन राहिलं. त्या घरात राबलेल्या बेलिंडा या स्त्रीने १७८३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला: माझ्या श्रमांवर ही मालमत्ता वाढली, तिच्यातून मला पोटापुरतं द्या. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, आणि तेही वेळेवर मिळेनात म्हणून तिला पुन्हापुन्हा अर्ज करावे लागले. लॉ स्कूलच्या पूर्वेतिहासातला हा सर्वांत सरळ कायदेशीर युक्तिवाद असावा. ढालीत त्याला जागा नव्हती.

या ढालीविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनानंतर नेमलेल्या समितीने दहा विरुद्ध दोन मतांनी ढाल काढण्याची शिफारस केली. विरोधी मत देणाऱ्यांत इतिहासकार अ‍ॅनेट गॉर्डन-रीड होत्या. थॉमस जेफरसनच्या गुलामांचा इतिहास ज्यांनी उजेडात आणला, त्या याच. पेंढ्या पुसल्या तर त्यांच्यामागे राबलेल्या माणसांची आठवणही पुसली जाईल. उलट ढाल ठेवा आणि तिच्याबरोबर त्यांची कहाणी सांगा, असं त्यांचं म्हणणं. ‘इतिहास पुसू नका’ या नेहमीच्या आरोळीपेक्षा हा आक्षेप फार वजनदार आहे. तरीही तो पटत नाही, आणि कारण ढालीच्या घडणीतच आहे. ढाल पदवीपत्रावर, टायवर, पत्राच्या माथ्यावर एकटीच फिरते. खुलासा तिच्यामागे जात नाही. चित्रात ‘पण’ लिहिता येत नाही. ढालीवर घराण्याचं चिन्ह येणं म्हणजे गौरवच. आठवणीला वाक्यं लागतात, आणि ती २०१७ मध्ये लॉ स्कूलच्या आवारातल्या शिळेवर कोरली गेली: ज्यांच्या श्रमांतून ही संस्था शक्य झाली, त्या गुलामांच्या सन्मानार्थ.

अडचण पुढेच आहे. एक ढाल काढली, मग थांबायचं कुठे? विद्यापीठाच्याच २०२२ च्या अहवालात, हार्वर्डचे अध्यक्ष, प्राध्यापक आणि कर्मचारी यांनी सत्तरहून अधिक माणसांना गुलाम म्हणून राबवल्याची नोंद आहे. अशा हिशोबाने ‘व्हेरिटास’ही उतरवावं लागेल, असं कुणी म्हणेल. तसं नाही, ‘व्हेरिटास’ हा विद्यापीठाने स्वतःवर लादून घेतलेला निकष आहे, कुणा घराण्याची सही नव्हे, आणि तो अहवाल त्याच निकषाला धरून आहे. पण २०२१ मध्ये आलेली लॉ स्कूलची नवी ढाल पाहिली की या उत्तराची किंमतही दिसते. तिच्यावर कायदा आणि न्याय यांची लॅटिन नावं आहेत आणि रेषांची एक नक्षी. कुणालाच न दुखावणारं हे चिन्ह कुणाबद्दल काही सांगतही नाही; माथ्यावरचं ‘व्हेरिटास’ सोडलं तर ते जगातल्या कुठल्याही विधी महाविद्यालयाला चालून जाईल.