भाव कोण ठरवतो? चेअरमनच्या हातातले आणि हाताबाहेरचे

वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका संपत आली, की मागच्या बाजूने एक आवाज हमखास येतो. ‘साहेब, ते सगळं ऱ्हाऊ द्या. भाव काय देता ते सांगा.’ सभा फैजपूरला असो, चहार्डीला असो की साक्री-शिरपूरकडे, प्रश्न हाच. व्यासपीठावरचे उत्तरही ठरलेले : ‘शासनाच्या धोरणामुळे...’ एवढे कानावर पडले, की निम्मे सभासद चहाकडे वळतात. त्यांना वाटते, ही पळवाट आहे. कधी कधी ती असतेही. पण धोरणाची गोष्ट खोटी नाही, आणि ती समजून घेतल्याशिवाय पळवाट कोणती व खरी अडचण कोणती, हे सभासदाला ओळखता येणार नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम भावाचेच पाहू. अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली 1966 साली ऊस (नियंत्रण) आदेश निघाला. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाही तर वर 15 टक्के व्याज, ही अट त्यातलीच. भावाची खालची पायरी केंद्र सरकार ठरवते. 2009 पर्यंत तिला किमान वैधानिक भाव म्हणत, पुढे ‘रास्त व किफायतशीर दर’ हे नाव आले. आपण सगळे एफ.आर.पी. म्हणतो ती हीच. 2025-26 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के उताऱ्याला टनी 3550 रुपये ठरली. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की 34 रुपये 60 पैसे जादा, घटला की तेवढेच कमी. मात्र साडेनऊच्या खाली उतारा गेला तरी 3290 रुपये 50 पैशांच्या खाली भाव जात नाही. यातूनच तोडणी-वाहतूक वजा होते, हे सभासदांना सांगायला नको.

आता दुसरा आकडा. साखर कारखान्याने कमीत कमी किती दराने विकायची, हेही केंद्रच ठरवते. जून 2018 मध्ये हा दर किलोला 29 रुपये होता, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाला. 2025-26 ची एफ.आर.पी. जाहीर झाली तेव्हाही तो 31 च होता. आता जरा कागद-पेन्सिल घ्या. साडेनऊ उतारा म्हणजे टनामागे 95 किलो साखर. 95 गुणिले 31, झाले 2945 रुपये. कायद्याने उसाला द्यायचे 3290 रुपये 50 पैसे. म्हणजे सरकारच्याच दोन आकड्यांत टनाला साडेतीनशे रुपयांच्या जवळपास अंतर! बाजारात साखर 31 च्या वर विकली जाते, मळी आणि बगॅसचेही पैसे येतात, हे मान्य. पण साखर गोदामात आहे म्हणून ती उद्या विकता येते असे नाही. कोणत्या महिन्यात किती विकायची, त्याचा कोटा 2018 पासून पुन्हा दिल्लीहून येऊ लागला. पैसे द्यायचे 14 दिवसांत आणि साखर विकायची वर्षभरात. मधली दरी भरते ती बँकेच्या उचलीने, आणि त्या उचलीला व्याज लागते.

राज्य सरकारने 21 फेब्रुवारी 2022 ला एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तो शासन निर्णय रद्द केला. ऊस उत्पादक म्हणून मला हा निकाल बरोबरच वाटतो. खताचा दुकानदार आपल्याकडून सोयीने हप्ते पाडून घेतो का? पण एकरकमी पैसे देण्यासाठी कारखान्याने जे कर्ज काढले, त्याचे व्याज शेवटी आपल्याच ताळेबंदात बसते, हेही विसरून चालणार नाही.

बरे, चेअरमनने धाडस करून जादा भाव दिला तर? याची कथा मोठी विचित्र आहे. किमान भावापेक्षा जे जास्त दिले तो खर्च नव्हे, ती सभासदांना केलेली नफ्याची वाटणी आहे, असे प्राप्तिकर खात्याने म्हटले आणि त्यावर कर मागितला. म्हणजे शेतकऱ्याचे घर भरले म्हणून कारखान्याला नोटीस. वर्षानुवर्षे दावे चालले. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासगाव कारखान्याच्या दाव्यात, जादा रकमेतला किती भाग नफ्याचा हे तपासून ठरवा, असे सांगून प्रकरणे परत पाठवली. त्याआधी 2015 च्या वित्त कायद्याने शासनमान्य दरापर्यंतची रक्कम पुढल्या काळासाठी खर्च म्हणून धरली होती. मागच्या वर्षांची सुटका 2023 च्या अंदाजपत्रकात झाली, आणि तो दिलासा जवळजवळ 10,000 कोटींचा असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. इतकी वर्षे डोक्यावर ही तलवार असताना कोणता संचालक हात सैल सोडील? काहींनी सोडला, त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

जुन्या सभासदांना यात नवे वाटणार नाही. लेव्हीचे दिवस त्यांनी पाहिले आहेत. साखरेचा मोठा वाटा रेशनसाठी सरकारच्या दराने द्यायचा, उरलेली खुल्या बाजारात. ऑगस्ट 1978 मध्ये जनता सरकारने सगळेच नियंत्रण उठवले. साखरेचे भाव गडगडले, ऊस परवडेना, लागण घटली, त्यात दुष्काळ. 1977-78 ला देशात सुमारे 65 लाख टन साखर झाली होती, 1979-80 ला ती 39 लाखांच्या आत आली. डिसेंबर 1979 मध्ये नियंत्रण परत आले, 65 टक्के लेव्हीसह. कारखान्यांची लेव्ही थेट 2013 ला, रंगराजन समितीच्या अहवालानंतर गेली. नियंत्रण असले तरी शेतकरी रडतो आणि नसले तरी रडतो, असे आमचे एक तात्या म्हणत. सव्वा वर्षात दोन्ही अनुभव घेतलेली ती पिढी.

इथेनॉलचे तर कालपरवाचेच. साखर एके साखर करू नका, डिस्टिलरी उभारा, असे सरकारने सांगितले. कर्जाला व्याजात सवलत दिली. ज्यांनी कर्जे काढून प्रकल्प उभे केले, त्यांच्यावर 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गळीत हंगामात, आदेश येऊन थडकला : उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठवड्याभरात तो सैल करून 17 लाख टन साखरेइतकी मुभा दिली. पूर्ण बंदी उठली ती पुढच्या हंगामासाठी, ऑगस्ट 2024 मध्ये. कमी पावसामुळे साखर महाग होऊ नये, हा त्यामागचा विचार. शहरातल्या ग्राहकाचा विचार करण्यात गैर काही नाही. पण बँकेचा हप्ता कमी पावसाने थांबत नाही.

हप्ता थकला की काय होते, हे खानदेशाला कोणी शिकवायला नको. फैजपूरचा मधुकर आणि चाळीसगावची बेलगंगा हे सभासदांच्या भागभांडवलावर उभे राहिलेले कारखाने. थकबाकीपोटी जिल्हा बँकेने ते विकले. मधुकरची विक्री 2022 ची. शिरपूरचा कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला. 2002 च्या सिक्युरिटायझेशन कायद्याने बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेता येते, आणि सहकारी बँकांनाही तो अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये नक्की केले. तिकडे सहकार कायद्याचे कलम 88 आहे. संचालकांनी संस्थेचे नुकसान केल्याचे सिद्ध झाले, तर ते त्यांच्याकडून वैयक्तिक वसूल होते. ते असायलाच हवे. मात्र वसुलीचा आदेश निघेपर्यंत कारखान्याचा भोंगा बंद झालेला असतो, हा आपल्या भागाचा अनुभव.

मग चेअरमनच्या हातात उरते काय? गाळपाचा परवाना साखर आयुक्तांचा, हंगाम सुरू करण्याची तारीख मंत्री समितीची. 2025 ला ती 1 नोव्हेंबर होती. उरतो तो उतारा. आपल्याकडे उन्हाळा कडक, कोल्हापूर-सांगलीचा उतारा आपल्याला मिळत नाही. म्हणूनच तोडीचा क्रम इथे जास्त महत्त्वाचा. कोणाच्या शेतात टोळी आधी पाठवायची हे ऊस किती पक्व झाला त्यावर ठरले की ओळखीवर, याचा जाब कोणत्याही मंत्रालयाला विचारता येत नाही. तो शेतकी खात्यालाच विचारायचा. तोडलेला ऊस गाडीत किती तास वाळला, हंगामात मिल किती तास बंद राहिली, उचलीचे व्याज टनामागे किती पडले, हेही तसेच. हे आकडे सभेच्या अहवालात मागून घेता येतात. अहवाल सभेआधी घरी येतो, आणि बहुतेक घरांत तो फोटो पाहून कपाटावर जातो. यंदा तो सभेला येताना बरोबर आणावा.