एचओए असलेलं घर महाग विकतं का? तुलना नेमकी कशाशी करायची?

अमेरिकेत घर विकायला काढलं की एक प्रश्न हमखास येतो: घर एचओएमध्ये आहे का? एचओए म्हणजे होमओनर्स असोसिएशन, वसाहतीतल्या घरमालकांची संघटना. आपल्या हाउसिंग सोसायटीची चुलत बहीण म्हणा. फरक इतकाच, की तिकडे स्वतंत्र बंगलेसुद्धा तिच्या कक्षेत येतात. घराला कोणता रंग द्यायचा, कुंपण किती उंच घालायचं, यावर नियम असतात आणि दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी द्यावी लागते. हे नियम जमिनीच्या कागदपत्रांतच नोंदलेले असतात. त्यामुळे घर विकत घेणारा आपोआप सभासद होतो, 'मला नको' म्हणायची सोय नाही.

मग अशा घराला जास्त किंमत येते की कमी? प्रश्न घरविक्रीचा असला, तरी पीएचडीचं प्रपोजल लिहिणाऱ्यांसाठी तो उत्तम सराव आहे. दोन गटांची तुलना करताना जिथे जिथे पाय घसरतो, त्या बहुतेक जागा यात भेटतात.

पहिली घसरण: थेट सरासरी

काल्पनिक आकडे घेऊ. एका शहरात एचओएची १०० घरं विकली गेली. त्यातली ९० नवी, प्रत्येकी ४ लाख डॉलर. १० जुनी, प्रत्येकी २.५ लाख. सरासरी ३.८५ लाख. एचओए नसलेलीही १०० विकली गेली. त्यातली २० नवी, ३.९ लाखांना, ८० जुनी, २.४५ लाखांना. सरासरी २.७४ लाख.

फरक १ लाख ११ हजारांचा! पण आता नव्याची नव्याशी तुलना करा: फरक फक्त १० हजार. जुन्याची जुन्याशी केली तर ५ हजार. बाकीचा फरक घराच्या वयाचा आहे, एचओएचा नाही. वयाचा संबंध एचओएशीही आहे आणि किमतीशीही, म्हणून ते इथे कन्फाउंडर ठरतं.

हे चित्र हवेतलं नाही. वायट क्लार्क आणि मॅथ्यू फ्रीडमन यांचा पेपर २०१९ मध्ये 'जर्नल ऑफ अर्बन इकॉनॉमिक्स'मध्ये आला. त्यांच्या मते अमेरिकेत अलीकडे बांधलेल्या स्वतंत्र घरांपैकी जवळपास ६० टक्के घरं एचओएमध्ये आहेत. म्हणजे 'एचओए' म्हटलं की बऱ्याचदा आपण नकळत 'नवं घर' म्हणत असतो. दिसणाऱ्या बाबतींत सारख्या घरांची तुलना केल्यावर त्यांना एचओएच्या घरांची किंमत सरासरी किमान ४ टक्के, म्हणजे सुमारे १३,५०० डॉलर जास्त आढळली.

'दिसणाऱ्या बाबतींत' हे शब्द अधोरेखित करा. क्षेत्रफळ, खोल्या, बांधकामाचं वर्ष डेटात दिसतं. बिल्डरने वसाहतीसाठी जागा निवडताना काय पाहिलं, ते दिसत नाही.

दुसरी घसरण: नको ते कंट्रोल करणं

अशा अभ्यासांत हेडॉनिक पद्धत वापरतात. शेर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये तिची सैद्धांतिक मांडणी केली. कल्पना साधी आहे: घर म्हणजे गुणधर्मांचं गाठोडं, आणि रिग्रेशनने प्रत्येक गुणधर्माची किंमत वेगळी काढायची.

इथे मोह होतो की असेल नसेल ते सगळं मॉडेलमध्ये टाकावं. पण वसाहतीचा स्विमिंग पूल कंट्रोल करायचा का? तो जर एचओएमुळेच असेल, तर तो कन्फाउंडर नाही, मीडिएटर आहे, म्हणजे परिणाम ज्या वाटेने पोचतो ती वाट. ती बंद केली तर एचओएच्या परिणामाचाच एक तुकडा कापला जातो. प्रत्येक व्हेरिएबलला एकच प्रश्न विचारा: हे एचओएच्या आधीचं, की एचओएमुळे आलेलं?

वर्गणीचंही तसंच. महिना १०० डॉलर म्हणजे वर्षाला १,२००. ६ टक्के दराने ही कायमची देणी आजच्या किमतीत २०,००० डॉलर होतात. तेव्हा वर्गणी भरावी लागत असूनही घराला १०,००० जास्त मिळत असतील, तर ग्राहक त्या सोयींची आणि नियमांची किंमत ३०,००० धरतोय. विक्रीच्या किमतीत दिसतो तो निव्वळ परिणाम. तुमचा प्रश्न निव्वळ परिणामाचा आहे की सोयींच्या किमतीचा, हे आधी ठरवा.

तिसरी घसरण: 'आधी-नंतर'ची आशा

तेच घर एचओए यायच्या आधी आणि नंतर विकलं गेलेलं शोधू, असं कुणी म्हणेल. अडचण अशी, की एचओए बहुधा पहिलं घर विकण्याआधीच बिल्डर स्थापन करतो. घराचा दर्जा नंतर सहसा बदलत नाही. त्यामुळे एकाच घराच्या अनेक विक्र्या असल्या तरी फिक्स्ड इफेक्ट्सच्या हाती फारसं काही लागत नाही. म्हणून एकाच शाळा-क्षेत्रातल्या, एकाच वर्षी विकलेल्या, शेजारच्या वसाहतींची तुलना जास्त विश्वासार्ह ठरते.

डेटात न आलेली घरं

कॅलिफोर्नियात कायद्याने विक्रेत्याला एचओएची नियमावली, वर्गणी, आर्थिक स्थिती यांची कागदपत्रं ग्राहकाला द्यावी लागतात. ती वाचून कुणी मागे फिरला, तर तो मोडलेला सौदा किमतींच्या डेटात येत नाही. विक्रेत्याचं नुकसान मात्र खरं असतं: गेलेले महिने, कर्जाचे हप्ते. म्हणून '४ टक्के जास्त' ही सरासरी एखाद्या घराचं भाकीत नव्हे. ज्या संघटनेचा दुरुस्ती निधी रिकामा आहे, तिथल्या घरमालकाने त्या आकड्यावर भिस्त ठेवली तर त्याची फसगत होईल.

आपल्याकडे काय करता येईल?

हाच प्रश्न जसाच्या तसा पुण्यात आणू नका. शहरातले बहुतेक फ्लॅट सोसायटीतच असतात, मग तुलनेला दुसरा गट कुठून आणणार? पण कन्व्हेयन्स झालेल्या आणि न झालेल्या इमारती आपल्याकडे भरपूर आहेत. जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर आली की फ्लॅटची किंमत बदलते का? हा प्रश्न तपासण्यासारखा आहे. फक्त मॉडेल चालवण्याआधी इमारतीचं वय बघा. मग हेही विचारा, की कन्व्हेयन्स मिळवणाऱ्या सोसायट्या मुळातच जास्त नीटनेटक्या, जास्त एकजुटीच्या होत्या का?

प्रपोजलमध्ये पद्धतीचं नाव लिहिण्याआधी एक वाक्य लिहून बघा: 'मी अमक्याची तुलना तमक्याशी करतोय, कारण या एका गोष्टीखेरीज ते दोन्ही सारखे आहेत.' त्यातलं 'कारण' पटण्यासारखं लिहिता येत नसेल, तर सॉफ्टवेअर उघडायची वेळ अजून आलेली नाही.