जंगलाची जमीन – ७ : पाचोळ्याखालचे शिकारी

शेणकिड्यांनंतर आज पाळी आहे ती त्याच जमिनीवर वावरणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांची. कॅराबिडी हे त्यांचं कुळ. जगभरात या कुळातल्या सुमारे ४०,००० जाती माहीत आहेत, तरी आपल्याकडे त्यांची साधी ओळखही फार थोड्यांना असते.

पहिले दोन-चार पाऊस झाले की पानझडी जंगलातला पाचोळा भिजतो. रात्री विजेरीच्या उजेडात एखादा कुजका ओंडका हलवला तर काळा चकचकीत किडा सरसर पळत दुसरा आडोसा गाठतो. उडून जाण्यापेक्षा पळण्यावर त्याची भिस्त. पाय लांब, जबडे पुढे आलेले आणि विळ्यासारखे वाकडे. त्याचा पुढचा पाय मात्र भिंगाखालीच पाहावा. नडगीच्या आतल्या बाजूला एक खाच असते, तिच्यात बारीक राठ केस. भुंगेरा जरा थांबला की मिशी त्या खाचेत धरतो आणि टोकापर्यंत ओढून स्वच्छ करतो. अंधारात वास आणि स्पर्श यांवर मदार असलेल्या प्राण्याला मिशा मळलेल्या ठेवून चालत नाही.

गोगलगायी, अळ्या, गांडुळं, वाळवी असं बरंच काही तो खातो. बऱ्याच जाती भक्ष्यावर पाचकरस सोडतात आणि विरघळलेला भाग शोषून घेतात. काही जाती गवताचं बी खाऊनही राहतात. अळ्याही बहुधा शिकारीच असतात. दोनदा कात टाकून वाढल्या की मातीत पोकळी करून त्या कोष अवस्थेत जातात.

या कुळाचं खरं शस्त्र पोटाच्या टोकाशी आहे. तिथे ग्रंथींची एक जोडी असते आणि शत्रू आला की तिच्यातून दाहक द्रव बाहेर पडतो. आपल्या माळरानांत आणि झुडपी जंगलांत दिसणारा सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा, अँथिया सेक्सगुटाटा, फॉर्मिक आम्ल फवारतो. त्याचा दरारा असा की ठिपकेवालं एक रानझुरळ त्याच्याच रूपाची नक्कल करतं, असं मानलं जातं.

फेरोप्सोफस या प्रजातीतले भुंगेरे त्याच्याही पुढे गेले. त्यांच्या पोटात एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेलं असतं. धोका दिसला की हे मिश्रण दुसऱ्या, जाड भिंतीच्या कप्प्यात येतं. तिथल्या विकरांमुळे क्षणात स्फोट होतो आणि जवळपास १०० अंश सेल्सिअस तापमानाचा झोत फट् असा आवाज करत बाहेर पडतो. झोताची दिशाही भुंगेरा वळवू शकतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे भुंगेरे भेकांना खायला दिले. गिळल्यावर भेकाच्या पोटातून स्फोटाचा आवाज ऐकू आला. ४३ टक्के भेकांनी १२ ते १०७ मिनिटांत भुंगेरा ओकून टाकला, आणि ओकलेला प्रत्येक भुंगेरा जिवंत होता! कीटकांच्या बचावाची याहून थक्क करणारी गोष्ट मला माहीत नाही.

यांना 'जमिनीवरचे' म्हणताना थोडं जपून म्हणावं लागतं. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत कित्येक जाती झाडांवर राहतात. कॅटॅस्कोपस हे चमकदार हिरवे-निळे भुंगेरे पडलेल्या खोडांवर धावताना दिसतात, तर ऑर्थोगोनियसच्या अळ्या वाळवीच्या वारुळांत वाढतात. भारतातल्या जातींवर एच. ई. अँड्र्यूज यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत १९२९ आणि १९३५ साली दोन खंड लिहिले. आजही जाती ओळखताना त्या खंडांकडे वळावं लागतं. इतक्या वर्षांनंतरही हेच चालू असेल तर या अभ्यासाला आपल्याकडे किती कमी माणसं मिळाली ते कळतं.

आणि अभ्यासापेक्षा मोठी काळजी आगीची आहे. जुन्या, स्थिर जंगलांतल्या अनेक जातींचे उडण्याचे पंख पिढ्यान्‌पिढ्या आखडत गेले आहेत. आगीत जंगलाचा तुकडा एकदा उजाड झाला की पक्षी परततात, फुलपाखरं परततात. न उडणारा भुंगेरा मधलं शेत आणि डांबरी रस्ता ओलांडून सहसा परतत नाही. मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून उन्हाळ्यात झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि आग पुढे रानात पसरते. वेचणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करायच्या पद्धतीला सरकारने आणि संस्थांनी मनापासून बळ द्यायला हवं.

बागेत, देवराईच्या कडेला, सोसायटीच्या आवारात पाचोळा जाळू नका. एका कोपऱ्यात तो साठू द्या आणि पावसाळ्यात तिथे काय काय वावरतं ते पाहा. सहा ठिपक्यांचा भुंगेरा दिसला तर चेहरा फार जवळ नेऊ नका, त्याचा फवारा डोळ्यांना झोंबतो.

पुढच्या आठवड्यात : काजव्यांच्या गोगलगायी खाणाऱ्या अळ्या.